आजोबांचा शिशाचा प्लग आणि ताईचा ड्रायर

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा ज्यांची गाडी नेमकी बोगद्यात शिरते, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त "म्हणजे बघा" थोडे कमी केलेत.

आजची गोष्ट कपडे वाळवायच्या मशीनची आहे. आता तुम्ही म्हणाल, भुसावळचा माणूस आणि कपड्यांचा ड्रायर? बरोबर आहे तुमचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. गच्चीवर दोरीच्या एका टोकाला कपडे टाकत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिला शर्ट कडक झालेला असतो. बिबड्या, पापड, कुरडया, सगळं त्याच गच्चीवर वाळतं. ड्रायर विकायला इथे कोणी आलं, तर त्याला आधी पाणी पाजून सावलीत बसवतील.

पण माझी ताई राहते अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावात. जानेवारीत तिचा फोन आला. आमच्याकडे सकाळचे आठ, तिच्याकडे रात्रीचे साडेनऊ. बाहेर बर्फ, घरात सात महिन्यांचं बाळ आणि ओल्या लंगोटांचा ढीग. "पप्पा, ड्रायर फिरतोय, पण गरमच होत नाहीये."

पप्पा भुसावळच्या इलेक्ट्रिक लोको शेडमधून रिटायर झालेले. रिटायर झाल्यापासून घरातला मिक्सरसुद्धा त्यांच्यावर दया करून बिघडत नव्हता. त्यामुळे त्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "भो, मोबाईल नीट धर."

पहिला अंदाज चुकला

पप्पांचं पहिलं निदान सरळ होतं. मोटार फिरते म्हणजे सप्लाय आहे. सप्लाय असून गरम होत नाही म्हणजे कॉइल गेली. आपल्या गीझरचं असंच असतं ना?

पण अमेरिकेत हे गणित चुकतं, आणि त्यामागे इतिहास आहे.

आपल्याकडे घरात एक फेज आणि एक न्यूट्रल येते, 230 व्होल्ट. सगळी उपकरणं त्यावरच चालतात. अमेरिकेत घराला दोन जिवंत तारा येतात आणि मध्ये न्यूट्रल. कुठलीही एक तार आणि न्यूट्रल धरली तर 120 व्होल्ट मिळतात, दोन्ही जिवंत तारा धरल्या तर 240. या तीन तारांच्या पद्धतीचं मूळ 1883 सालात आहे. तेव्हा थॉमस एडिसनने दिव्यांसाठी साधारण 110 व्होल्टची वीज पुरवायला घेतली होती, आणि तांब्याच्या तारांचा खर्च त्याच्या उरावर बसला होता. तीन तारांची युक्ती केल्यावर तांबं बरंच वाचलं. त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा आज ज्या गावात येते, त्या गावाला 1954 साली त्याचंच नाव दिलं. तेच ताईचं गाव!

आता ड्रायरकडे या. तिथल्या बहुतेक विजेच्या ड्रायरमध्ये ड्रम फिरवणारी मोटार 120 व्होल्टवर चालते, आणि तापणारी कॉइल 240 वर. म्हणजे दोनपैकी एक तार मेली, तरी ड्रम मजेत फिरत राहील आणि कपडे थंडच राहतील. कॉइल अगदी धडधाकट असली तरी!

हे दाजींनी इंटरनेटवर वाचून सांगितलं. पप्पा दोन मिनिटं गप्प बसले. चाळीस वर्षं विजेत घालवलेला माणूस, आणि जावयाकडून वीज शिकायची वेळ. मग हसले आणि म्हणाले, "म्हणजे अर्धी गाडी चालू आणि अर्धी बंद. बरं, जावईबापू, तो जोडीचा ब्रेकर पूर्ण खाली करा आणि परत वर करा."

केलं. फरक पडला नाही. म्हणजे दोष मशीनच्या आत होता.

तारेची गोष्ट

मशीन भिंतीपासून ओढायच्या आधी पप्पांनी तीनदा विचारलं, "प्लग काढला का? हातात धरून दाखवा." कॅमेऱ्यात प्लग दिसल्यावरच मागचं पत्र्याचं झाकण उघडू दिलं. हे तुम्हीही लक्षात ठेवा. 240 व्होल्टला दुसरी संधी मागता येत नाही.

मग कॉइल. कॉइलचं गणित आपल्याला जेम्स जूलने दिलं. इंग्लंडमध्ये त्याच्या घरच्यांचा बिअर गाळायचा कारखाना होता, आणि हा पोरगा तारेतून वीज सोडून पाणी किती तापतं ते मोजत बसायचा. 1841 साली त्याने छापलं की करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट होते. नियम सापडला, पण तार सापडेना. लोखंडाची तार लाल झाली की हवेत गंजून तुटायची. प्लॅटिनम टिकायचं, पण ते कोणाच्या घरी असणार?

ती तार अमेरिकेतल्या अल्बर्ट मार्शने शोधली. साधारण 80 टक्के निकेल आणि 20 टक्के क्रोमियम. 1906 साली त्याला पेटंट मिळालं. हे आपलं नायक्रोम. तापलं की त्याच्या अंगावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर चढतो, आणि तोच आतल्या धातूला जळण्यापासून वाचवतो. तुमच्या घरची इस्त्री, टोस्टर, हिवाळ्यातला हीटर, सगळीकडे हीच तार किंवा तिची भावंडं.

ताईच्या ड्रायरची कॉइल साधारण पाच हजार वॅटची. 240 व्होल्टला एवढी ताकद म्हणजे कॉइलचा रोध दहा-अकरा ओहम यायला हवा. पप्पांनी तिची एक वायर सुटी करायला लावली, दाजींनी मल्टीमीटर लावला. दहा पॉइंट काहीतरी. कॉइल ठणठणीत!

मधल्या काळात थोडं मागे जाऊ

मशीन उघडं आहे तोवर त्याचा जन्म सांगून टाकतो. साधारण 1800 साली पोशाँ नावाच्या फ्रेंच माणसाने भोकं पाडलेला ड्रम बनवला. त्यात ओले कपडे टाकायचे आणि विस्तवावर हाताने फिरवायचा. कपड्यांना धुराचा वास आणि कधीमधी आगसुद्धा. 1892 साली जॉर्ज सॅम्पसन या कृष्णवर्णीय अमेरिकन माणसाने शेगडीवर कपडे टांगायच्या चौकटीचं पेटंट घेतलं. पुढे नॉर्थ डाकोटातल्या रॉस मूरने, हिवाळ्यात गोठलेले कपडे पाहून वैतागून, गरम हवेचा फिरता ड्रम तयार केला. अनेक कारखान्यांनी त्याला परत पाठवलं. शेवटी हॅमिल्टन कंपनीने ते घेतलं, आणि 1938 साली ड्रायर बाजारात आला. नाव ठेवलं "जून डे", म्हणजे जूनचा दिवस. तिकडे जून म्हणजे छान कोवळं ऊन. नाव ठेवायला भुसावळचा माणूस असता, तर त्याने थंडीतली सकाळ सुचवली असती आणि धंदा बुडाला असता.

"तार जोडून टाकू का?"

परत मशीनकडे. गरम डब्याच्या अंगावर दोन छोटे गोल तुकडे असतात. एक थर्मोस्टॅट. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापले की कमी-जास्त फुगतात, वाकतात आणि सर्किट तोडतात. थंड झाले की परत जोडतात. ही दुधातूची पट्टी जॉन हॅरिसनने अठराव्या शतकात जहाजावरच्या घड्याळासाठी बनवली होती, पितळ आणि पोलाद जोडून. समुद्रात गारवा-उकाडा बदलला तरी घड्याळ चुकू नये म्हणून.

दुसरा तुकडा थर्मल कट-ऑफ. हा एकदाच काम करतो. ठरलेल्या मर्यादेपलीकडे उष्णता गेली की तो सर्किट तोडतो आणि स्वतः कायमचा मरतो. दाजींनी मल्टीमीटर लावला. काही आवाज नाही. तुकडा मेलेला होता.

सापडलं एकदाचं! आमच्याकडे सगळे खूश. दाजी म्हणाले, "पप्पा, नवीन पार्ट यायला दोन-तीन दिवस लागतील. एका व्हिडिओत दाखवलंय, या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की मशीन चालू. तोपर्यंत जोडून टाकू का? बाळाचे कपडे..."

पप्पांचा आवाज एकदम बदलला. जावयाशी ते कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "नाही. अजिबात नाही. आधी मला सांगा, तो मेला कशाने?"

आणि मग त्यांनी आजोबांची गोष्ट काढली. मी ती पहिल्यांदाच ऐकत होतो.

शिशाचा प्लग

आजोबा भुसावळच्या स्टीम शेडला फायरमन होते. कोळसा मारायचं काम. वाफेच्या इंजिनात विस्तवाच्या पेटीच्या छतावर कायम पाणी असावं लागतं. पाणी त्या छताखाली गेलं तर पत्रा लाल होतो, मऊ पडतो, आणि बॉयलर फुटतो. म्हणून त्या छतात शिसं भरलेला प्लग बसवलेला असायचा. शिसं 327 अंशाला वितळतं. वर पाणी असेपर्यंत त्याला काही होत नाही. पाणी उतरलं की शिसं वितळतं, भोक मोकळं होतं, आणि वाफ खालच्या विस्तवावर तुटून पडते. गाडी तिथेच उभी. माणसं मात्र वाचतात.

ही युक्ती रिचर्ड ट्रेव्हिथिकची. 1803 साली लंडनजवळ ग्रीनिचला त्याचं एक इंजिन फुटलं आणि माणसं मेली. देखरेखीचा पोरगा मासे धरायला गेला होता. दुसऱ्या कामगाराने इंजिन थांबवलं, पण साठलेली वाफ मोकळी केली नाही. त्यानंतर ट्रेव्हिथिकने बॉयलरला शिशाचा प्लग लावायला घेतला. माणूस विसरला तरी धातू विसरणार नाही, हा त्यामागचा विचार.

प्लग वितळणं ही क्रूसाठी मोठी नामुष्की असायची. चौकशी बसायची. आजोबांच्या हातून एकदा ते झालं. घरी येऊन ते दोन दिवस जेवले नाहीत, असं पप्पा म्हणाले. पण शेडमध्ये त्यांना कोणी आधी हे विचारलं नाही की नवा प्लग कधी बसवता. पहिला प्रश्न होता, पाणी का उतरलं?

"तुमच्या हातातला तो तुकडा म्हणजे शिशाचा प्लग आहे, जावईबापू," पप्पा म्हणाले. "तो तुमच्यासाठी मेला. त्याच्या जागी तार टाकाल, तर पुढची पाळी कोणाची?"

तिकडे कोणीच बोललं नाही. बाळ पलीकडच्या खोलीत झोपलं होतं.

पाणी का उतरलं?

ड्रायरमध्ये पाण्याचं काम हवा करते. पंखा गरम डब्यातून हवा ओढतो, ड्रममधून फिरवतो, मग जाळीतून गाळून पाइपाने घराबाहेर फेकतो. हवा वाहती असली की कॉइल आटोक्यात राहते. पप्पांना हे शिकवावं लागलं नाही. त्यांच्या काळातल्या काही विजेच्या इंजिनांत ब्रेक लावताना मोटारी जनरेटर होतात, आणि तयार झालेली वीज रेझिस्टन्सच्या पट्ट्यांमध्ये जिरवतात. पट्ट्या प्रचंड तापतात, म्हणून त्यांवर ब्लोअर असतो. ब्लोअरची हवा नाही, तर रेझिस्टन्स जळालाच.

"हवा बाहेर कुठून जाते ते दाखवा," पप्पा म्हणाले.

मशीनच्या मागे चंदेरी फॉइलचा लवचिक पाइप होता. मागे जागा करायला कधीतरी मशीन भिंतीला दाबलं गेलं होतं, आणि पाइप उसाच्या चोयटीसारखा चेपला होता. दाजींनी तो सोडवला. आतून करड्या रंगाचा कपड्यांचा भुसा निघाला. मूठभर नाही, अर्धी बादली. ताई म्हणाली, "जाळी तर मी दर वेळी साफ करते गं बाई." जाळी साफ होती. पाइप कोणी बघितलाच नव्हता.

हा भुसा म्हणजे सुती धाग्यांची पूड. कोरडी, हलकी, ठिणगी पडायची खोटी. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 च्या नोंदींवरून काढलेला अंदाज असा, की तिथे घरांमध्ये ड्रायरमुळे वर्षाला साधारण 2,900 आगी लागतात. त्यात सगळ्यात मोठं कारण एकच, साफसफाई न करणं. दाजींनी त्या रात्री तार जोडली असती, तर मशीन चाललंही असतं. चेपलेल्या पाइपासकट, अर्धी बादली भुशासकट आणि राखणदाराशिवाय.

तीन दिवसांनी पार्ट आला. कट-ऑफ आणि त्याच्याजवळचा थर्मोस्टॅट, दोन्ही जोडीने बदलले. फॉइलच्या जागी कडक पत्र्याचा पाइप बसवला, मशीन भिंतीपासून वीतभर लांब ठेवलं. मध्ये ताईने कपडे घरभर खुर्च्यांवर वाळवले. पहिल्या फेरीनंतर तिने गरम दुपटं कॅमेऱ्यासमोर धरलं, तेव्हा पप्पांनी इकडून हात पुढे केला होता. मी पाहिलं, पण काही बोललो नाही.

आणि आपल्या घरचं काय?

हसू नका, तार जोडण्यात आपण अमेरिकेच्या पुढे आहोत. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात कूलर लागले की फ्यूज उडायचे. मग कोणीतरी शहाणा किटकॅटमध्ये तांब्याच्या चार पदरी तारा पिळून टाकायचा आणि म्हणायचा, "आता उडूनच दाखव." फ्यूज उडायचा नाही. भिंतीतली वायर मात्र तापायची, आणि रात्री जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा. आज एमसीबी आले, तरी सतत पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवून घेणारे लोक आहेतच.

मी त्या दिवसानंतर पप्पांना विचारलं, आजोबांचं पुढे काय झालं? म्हणाले, चौकशी झाली, शिक्षा भोगली, आणि रिटायर होईपर्यंत पाण्याच्या काचेवरची नजर त्यांनी कधी काढली नाही. घरी चहाचं आधण ठेवलं तरी पातेल्यात वाकून बघायचे.

तर मंडळी, घरात काही पडलं, उडालं, बंद झालं, तर ते परत चालू करायच्या आधी तो एक प्रश्न विचारा. पाणी का उतरलं? उत्तर सापडत नसेल तर माहितगार माणूस बोलवा. आणि घरात एखादा रिटायर माणूस असेल, तर आधी त्यांना विचारा. त्यांचा चष्मा तयारच असतो.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या.