महाराष्ट्रातील विद्यापीठीय बास्केटबॉल (पुरुष)

महाराष्ट्रातील विद्यापीठीय बास्केटबॉल म्हणजे राज्यातील विद्यापीठांच्या संघांमार्फत आंतरमहाविद्यालयीन, आंतरविद्यापीठीय व राज्यस्तरीय स्पर्धांत खेळले जाणारे बास्केटबॉल होय. या लेखात पुरुष संघांचा विचार केला असून मराठवाडा विभाग व जालना जिल्हा यांची स्वतंत्र नोंद घेतली आहे. कबड्डी, खो-खो व कुस्ती हे खेळ गावच्या मातीतून महाविद्यालयात आले. बास्केटबॉलचा प्रवास याच्या उलट दिशेने, म्हणजे शहरांतील मिशन संस्था, जिमखाने व शारीरिक शिक्षणाची महाविद्यालये यांच्याकडून जिल्ह्याच्या ठिकाणांकडे झाला. त्यामुळे कोणत्या विद्यापीठाचा संघ बलवान होतो, हे त्याच्या कार्यक्षेत्रात किती विद्यार्थी आहेत यापेक्षा किती मैदाने आहेत यावर अधिक अवलंबून राहिले आहे.

पार्श्वभूमी

बास्केटबॉलचा उगम अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे झाला. तेथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेतील शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये हिवाळ्यात बंदिस्त जागेत खेळता येईल असा हा खेळ तयार केला व त्याचे तेरा नियम लिहून काढले. पीच फळांच्या टोपल्या सज्जाच्या कठड्याला टांगून पहिला सामना खेळला गेला. त्यावरूनच खेळाला हे नाव मिळाले. एखाद्या शिक्षकाने वर्गातील विद्यार्थ्यांसाठी जाणीवपूर्वक रचलेला खेळ असल्यामुळे शिक्षणसंस्थांशी त्याचे नाते जन्मापासूनचे आहे.

भारतातही वाय.एम.सी.ए.च्या शाखांनीच हा खेळ रुजवला. एच. सी. बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे स्थापन केलेल्या शारीरिक शिक्षण महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी तो देशाच्या विविध भागांत नेला. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्ली येथे भरली. १९३६ मध्ये भारत आंतरराष्ट्रीय संघटनेचा सभासद झाला आणि १९५० मध्ये भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना झाली.

महाराष्ट्रातील प्रारंभ

मुंबई : मुंबईतील नागपाडा हा कष्टकऱ्यांच्या दाट वस्तीचा भाग राज्यातील बास्केटबॉलचे माहेरघर मानला जातो. अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये येथे 'नागपाडा नेबरहुड हाऊस' ही समाजकार्य संस्था सुरू केली. तिचे प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्याच पुढाकाराने १९३६ मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा संस्था उभी राहिली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था होय. नागपाड्यात मस्तान वाय.एम.सी.ए.चे मैदान व नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन यांच्याभोवती खेळाडूंच्या अनेक पिढ्या घडल्या. भारताचे कर्णधारपद भूषवलेले गुलाम अब्बास मुन्तसिर हे याच परंपरेतील होत. त्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. माटुंगा येथील इंडियन जिमखाना व डॉन बॉस्को शाळा हीदेखील शहरातील महत्त्वाची केंद्रे आहेत. शालेय वयातच चेंडू हाती आलेली मुले पुढे महाविद्यालयांत आली आणि मुंबई विद्यापीठाला तयार खेळाडू मिळत गेले.

पुणे व नागपूर : पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने, तर नागपुरात शिवाजीनगर जिमखान्यासारख्या संस्थांनी हा खेळ जोपासला. या दोन्ही शहरांत मैदान, क्लब व महाविद्यालय ही तिन्ही ठिकाणे एकमेकांपासून सायकलच्या अंतरावर होती.

शारीरिक शिक्षण संस्था : अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (स्थापना १९१४) आणि १९३८ मध्ये सुरू झालेली कांदिवलीची शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था यांनी राज्याला क्रीडाशिक्षक पुरवले. देशी खेळांसाठी ख्यातनाम असलेल्या अमरावतीच्या मंडळाच्या पथकाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली होती. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात देशी खेळांच्या जोडीला बास्केटबॉलही आल्यामुळे, ज्या गावांत क्लब नव्हते तेथे या शिक्षकांच्या रूपाने खेळ पोहोचला.

विद्यापीठांचा विस्तार व संघांची विभागणी

विद्यापीठाचा संघ त्याच्या कार्यक्षेत्रातील संलग्न महाविद्यालयांतून निवडला जातो. म्हणून राज्यातील विद्यापीठांच्या स्थापनेचा क्रम हाच संघांच्या इतिहासाचाही सांगाडा ठरतो. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये, नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये व पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर मराठवाडा (१९५८), शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर (१९६२), अमरावती (१९८३), उत्तर महाराष्ट्र, जळगाव (१९९०), स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा, नांदेड (१९९४), सोलापूर (२००४) व गोंडवाना, गडचिरोली (२०११) ही विद्यापीठे आली.

प्रत्येक नव्या विद्यापीठामुळे आधीच्या विद्यापीठाचे जिल्हे कमी झाले. याचे दोन परिणाम संभवतात. दूरच्या जिल्ह्यातील खेळाडूला संघात जागा मिळण्याची शक्यता वाढते, कारण स्पर्धक कमी होतात. मात्र निवडीचे क्षेत्र आक्रसल्याने संघाची एकूण ताकद घटू शकते. वैयक्तिक खेळात एखादा गुणवंत खेळाडू विद्यापीठाला पदक मिळवून देऊ शकतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावरील पाच व राखीव सात असे बारा जण तयार असावे लागतात. त्यामुळे हा परिणाम येथे अधिक जाणवतो.

मराठवाडा

१९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा विभाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरू होते. विद्यापीठामुळे मराठवाड्यातील खेळाडूंना प्रथमच आपल्या विभागाच्या नावाने आंतरविद्यापीठीय मैदानावर उतरता आले.

नामांतराच्या दीर्घ लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असे झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेड येथे स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन नांदेड, लातूर व परभणी हे जिल्हे (हिंगोली तेव्हा परभणीचाच भाग होता) तिकडे गेले. औरंगाबादच्या विद्यापीठाकडे औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद (आता धाराशिव) हे चार जिल्हे राहिले. मराठवाड्याच्या एका संघाचे अशा रीतीने दोन संघ झाले.

विद्यापीठाच्या परिसरालगत भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र व शहरात गारखेडा येथे विभागीय क्रीडा संकुल आहे. या सोयी एकाच शहरात एकवटलेल्या असल्याने अन्य जिल्ह्यांतील खेळाडूंना नियमित सरावासाठी त्या सहज उपलब्ध होत नाहीत.

जालना जिल्हा

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन व जाफराबाद हे त्याचे आठ तालुके होत. जालना शहर विद्यापीठाच्या ठिकाणापासून सुमारे ६० किलोमीटरवर असून ते बियाणे व लोखंडी सळ्यांच्या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. शहरातील जे.ई.एस. महाविद्यालय हे जिल्ह्यातील जुन्या महाविद्यालयांपैकी असून बारवाले महाविद्यालय व अंकुशराव टोपे महाविद्यालय ही इतर प्रमुख महाविद्यालये आहेत. अंबडचे मत्स्योदरी, भोकरदनचे मोरेश्वर, जाफराबादचे सिद्धार्थ, परतूरचे लाल बहादूर शास्त्री आणि मंठ्याचे स्वामी विवेकानंद यांसारख्या महाविद्यालयांमुळे उच्च शिक्षण तालुक्याच्या ठिकाणी पोहोचले.

क्रिकेटमध्ये जालन्याचे विजय झोल यांनी २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व केले. जिल्ह्याच्या ठिकाणाहून देशाच्या संघापर्यंत जाता येते, हे त्यावरून दिसते. तथापि क्रिकेटच्या सरावाला मोकळी जागा, दगडांची यष्टी व एक चेंडू पुरतो. बास्केटबॉलला सपाट टणक पृष्ठभाग, भक्कम खांब, फलक आणि ठराविक उंचीवरील कडे लागते. कबड्डीचे मैदान चुन्याच्या रेषा आखून तासाभरात तयार होते. बास्केटबॉलच्या मैदानासाठी महाविद्यालयाला अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते. ग्रामीण महाविद्यालयांतून कबड्डी, खो-खो व मैदानी खेळांचे संघ सहज उभे राहतात आणि बास्केटबॉलचे अवघडाईने, याचे हे एक प्रमुख कारण आहे.

दुसरे कारण वयाशी निगडित आहे. अकरावी-बारावीचे विद्यार्थी विद्यापीठाच्या नव्हे, तर १९ वर्षांखालील शालेय क्रीडा स्पर्धांत खेळतात. विद्यापीठाच्या संघासाठी ते पदवीच्या पहिल्या वर्षापासून पात्र होतात. शाळेत हा खेळ न खेळलेल्या विद्यार्थ्याला चेंडू टप्प्याने पुढे नेणे, पायांचा तोल राखून वळणे व पाहून न पाहिल्यासारखा पास देणे ही मूलभूत कौशल्ये तीन वर्षांच्या पदवीकाळातच शिकावी लागतात. नागपाड्यातील वा डेक्कन जिमखान्यावरील समवयस्काने ती तोवर आत्मसात केलेली असतात.

संघनिवड

संघनिवडीची सर्वसाधारण पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

१. महाविद्यालयाचा शारीरिक शिक्षण संचालक महाविद्यालयीन संघ निवडून विद्यापीठाच्या क्रीडा विभागाकडे प्रवेशिका पाठवतो.
२. विद्यापीठाने नेमून दिलेले यजमान महाविद्यालय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घेते.
३. स्पर्धेतील कामगिरी व निवड चाचणी यांवरून संभाव्य खेळाडूंची यादी केली जाते.
४. प्रशिक्षण शिबिरानंतर बारा जणांचा अंतिम संघ जाहीर होतो. संघासोबत प्रशिक्षक व संघव्यवस्थापक जातात.

विद्यापीठाचे प्रतिनिधित्व करणाऱ्या खेळाडूस 'कलर होल्डर' म्हणतात. विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेला ब्लेझर हा महाविद्यालयीन जीवनातील मानाचा पोशाख समजला जातो. ज्याचे महाविद्यालय लवकर पराभूत झाले, अशा गुणी खेळाडूलाही निवड चाचणीमुळे संधी मिळू शकते. मात्र ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकच नाही, तेथील खेळाडूची वाट पहिल्याच पायरीवर अडते.

स्पर्धा

आंतरविद्यापीठीय स्पर्धा : या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ आयोजित करतो. १९२५ मध्ये 'आंतरविद्यापीठ मंडळ' म्हणून या संस्थेची स्थापना झाली. स्पर्धेसाठी देशाचे चार विभाग केलेले आहेत. महाराष्ट्रातील विद्यापीठे पश्चिम विभागात खेळतात व त्यांची गाठ गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश आदी राज्यांतील विद्यापीठांशी पडते. प्रत्येक विभागातील पहिले चार संघ अखिल भारतीय स्पर्धेस पात्र ठरतात. खेळाडूचे वय १७ ते २५ वर्षे या मर्यादेत असावे लागते.

अश्वमेध : राज्यातील विद्यापीठांसाठी कुलपतींच्या, म्हणजे राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकाराने 'अश्वमेध' हा राज्य आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव भरवला जातो. कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल व मैदानी खेळांसह बास्केटबॉलचाही त्यात समावेश आहे. विभागीय स्पर्धेत लवकर बाद होणाऱ्या संघांना या महोत्सवात अनुभवी संघांशी खेळण्याची आणखी एक संधी मिळते.

खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा : पहिली स्पर्धा फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये भुवनेश्वर येथे झाली.

मौलाना अबुल कलाम आझाद चषक : सर्व खेळांतील एकत्रित कामगिरीसाठी हा फिरता चषक विद्यापीठाला दिला जातो. १९५६-५७ पासून तो दिला जात आहे.

नियमांतील बदल व त्यांचा परिणाम

मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते आणि कडे ३.०५ मीटर उंचीवर असते. पूर्वी सामना वीस मिनिटांच्या दोन डावांत होई. २००० पासून तो दहा मिनिटांच्या चार सत्रांत खेळला जातो. त्याच वेळी चेंडू ताब्यात आल्यावर बास्केटकडे फेक करण्याची मुदत ३० सेकंदांवरून २४ सेकंदांवर आली. १९८४ मध्ये लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय खेळात आला. २०१० पासून ही रेषा ६.७५ मीटरवर आहे.

या बदलांनी खेळ वेगवान झाला. उंच खेळाडू नसलेल्या संघांना लांबच्या फेकीवर भर देऊन उंचीची उणीव काही अंशी भरून काढणे शक्य झाले. ही अचूकता केवळ रोजच्या शेकडो फेकींच्या सरावाने येते आणि त्यासाठी प्रमाणित उंचीचे कडे व आखलेली रेषा जवळ असणे आवश्यक असते.

महत्त्व

भारतीय पुरुष संघाने १९७५ मध्ये बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत चौथे स्थान मिळवले व १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये भाग घेतला. दीर्घकाळ देशांतर्गत व्यावसायिक साखळी स्पर्धा नसल्यामुळे रेल्वे, सेनादले, पोलीस व बँका यांचे संघ हेच खेळाडूंचे आश्रयस्थान राहिले. तेथे पोहोचण्याच्या वाटेवर विद्यापीठाचा संघ हा महत्त्वाचा टप्पा आहे. महाराष्ट्रात शासकीय सेवेत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर आरक्षण असल्याने खेळातील कामगिरीला उपजीविकेच्या दृष्टीनेही मोल आहे.

कोरडवाहू शेतीवर अवलंबून असलेल्या जिल्ह्यांतील विद्यार्थ्याच्या बाबतीत या संघाचे मोल आणखी एका अर्थाने आहे. विभागीय स्पर्धेसाठीचा प्रवास, परराज्यातील विद्यापीठाचे वसतिगृह, निराळ्या भाषेचे प्रतिस्पर्धी व सहखेळाडूंवर विसंबण्याची सवय हे शिक्षण त्याला वर्गात मिळत नाही. ते अधिक विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी किमान एक प्रमाणित मैदान आणि तेथे शिकवणारा एक जाणता शिक्षक असणे ही पूर्वअट आहे. नागपाडा, पुणे व नागपूर येथे हा खेळ याच दोन गोष्टींच्या बळावर उभा राहिला.

हेही पाहा

बास्केटबॉल
डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ
जालना जिल्हा
हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ