वसंतातला फुटबॉल : दोन लीग, एकच बाजार

अमेरिकेत 'फुटबॉल' म्हणतात तो आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर पॅड आणि शंभर यार्डांच्या मैदानावर इंचाइंचासाठी चालणारी झटापट असा हा खेळ आहे. सप्टेंबरपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धातील 'सुपर बाऊल'पर्यंत या खेळावर नॅशनल फुटबॉल लीगचे, म्हणजेच एनएफएलचे, निर्विवाद राज्य असते. या लीगने २०२१ मध्ये दूरचित्रवाणी कंपन्यांशी केलेले ११ वर्षांचे करार सुमारे ११ हजार कोटी डॉलरचे आहेत. इतका पैसा ज्या खेळात आहे, तो वर्षातील सहा-सात महिने मैदानाबाहेरच असतो. साहजिकच गेली चार दशके अनेक उद्योजकांच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला आहे : प्रेक्षक तोच, खेळ तोच, मग वसंत ऋतूत दुसरी लीग का चालू नये?

हा प्रश्न सोडविण्याच्या प्रयत्नांत कोट्यवधी डॉलर बुडाले. २०२३ मध्ये तर एकाच वसंतात दोन व्यावसायिक लीग समोरासमोर उभ्या ठाकल्या. वर्षअखेर त्या दोहोंना एकत्र यावे लागले. असे का घडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

तीन डॉलरचा विजय

वसंतातील फुटबॉलची कल्पना न्यू ऑर्लिन्सचे व्यावसायिक डेव्हिड डिक्सन यांची. त्यांच्या योजनेतून १९८२ मध्ये युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग (यूएसएफएल) जाहीर झाली आणि मार्च १९८३ मध्ये १२ संघांसह सुरू झाली. एबीसी वाहिनीशी दोन वर्षांचा १ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला होता. त्या काळी नवखी असलेली ईएसपीएनही सोबत होती. संघांनी खर्चावर लगाम ठेवावा, प्रेक्षक हळूहळू जोडावा आणि एनएफएलच्या वाटेला जाऊ नये, अशी डिक्सन यांची मूळ मांडणी होती.

मात्र प्रत्येक संघाचा मालक वेगळा होता आणि प्रत्येकाला विजयाची घाई होती. न्यू जर्सी जनरल्सने महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वांत गाजलेला खेळाडू हर्शेल वॉकर याला करारबद्ध केले. १९८४ मध्ये लॉस एंजेलिस एक्स्प्रेसने स्टीव्ह यंगशी केलेला करार ४ कोटी डॉलरचा म्हणून गाजला. त्यातील बहुतांश रक्कम पुढील अनेक दशकांत द्यायची होती, हा भाग वेगळा. दुसऱ्याच हंगामात संघांची संख्या १२ वरून १८ झाली. खर्च वाढला, त्या प्रमाणात उत्पन्न काही वाढले नाही.

जनरल्सची मालकी या सुमारास डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे आली होती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले हेच ते ट्रम्प. लीगने वसंत सोडून शरद ऋतूत, थेट एनएफएलच्या हंगामात उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. एबीसी वसंतातील सामन्यांसाठी पैसे मोजण्यास तयार असतानाही मालकांनी १९८६ पासून हंगाम बदलण्याचा निर्णय घेतला आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटला गुदरला. जुलै १९८६ मध्ये ज्युरीने एनएफएलला दोषी ठरविले. मात्र नुकसानभरपाई मंजूर केली ती अवघी एक डॉलर! कायद्यानुसार ती तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. खटला जिंकलेली लीग त्याच वर्षी बंद पडली. तिचा एकूण तोटा १६ कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले जाते.

खेळाच्या अंगाने मात्र ही लीग नापास झाली असे म्हणता येणार नाही. स्टीव्ह यंग, जिम केली, रेगी व्हाइट हे पुढे एनएफएलच्या इतिहासात अजरामर ठरलेले खेळाडू इथेच व्यावसायिक झाले. टचडाऊननंतर दोन गुणांसाठी प्रयत्न करण्याची मुभा यूएसएफएलने दिली होती. एनएफएलने ती १९९४ मध्ये स्वीकारली. थोडक्यात, खेळ टिकण्याजोगा होता. हिशेब तसा नव्हता.

कुस्तीचा फड आणि आठ आठवड्यांची लीग

फेब्रुवारी २००१ मध्ये व्यावसायिक कुस्तीचे सम्राट विन्स मॅकमॅहन आणि एनबीसी वाहिनी यांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत एक्सएफएल आणली. एनएफएलचे प्रक्षेपण हक्क गमावल्यामुळे एनबीसीला फुटबॉल हवाच होता. आठही संघ लीगच्याच मालकीचे ठेवून यूएसएफएलची एक चूक टाळण्यात आली. पहिल्या रात्री प्रेक्षकसंख्या जाहिरातदारांना दिलेल्या आश्वासनाच्या सुमारे दुप्पट होती. परंतु संघांना सरावासाठी जेमतेम महिनाभर मिळाला होता. भडक समालोचन आणि कच्चा खेळ यांचा मेळ काही बसला नाही. प्रेक्षक झपाट्याने पांगले आणि मे २००१ मध्ये लीग गुंडाळण्यात आली. एकूण तोटा होता सुमारे ७ कोटी डॉलर.

फेब्रुवारी २०१९ मध्ये आलेल्या अलायन्स ऑफ अमेरिकन फुटबॉलची (एएएफ) गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. एनबीसीचे तत्कालीन क्रीडाप्रमुख डिक एबरसोल यांचे पुत्र चार्ली एबरसोल आणि फुटबॉल व्यवस्थापनातील मुरब्बी नाव बिल पोलियन यांनी ती उभारली. खेळ नीटनेटका होता, भडकपणा नव्हता. तिजोरी मात्र रिकामी होती. हंगाम सुरू होतो न होतो तोच २५ कोटी डॉलरची हमी देणारे टॉम डंडन यांच्या हाती सूत्रे गेली. त्यांनी २ एप्रिल रोजी, दहापैकी आठ आठवडे झाले असताना, खेळ थांबविला. पंधरवड्यात दिवाळखोरीचा अर्ज दाखल झाला. परगावी अडकलेल्या कित्येक खेळाडूंना घरी परतण्याचा खर्च स्वत:च्या खिशातून करावा लागला. लीग बुडते तेव्हा सर्वप्रथम कोण बुडते, याचे हे बोलके उदाहरण.

मॅकमॅहन यांनी २०२० मध्ये एक्सएफएलला पुन्हा जीवदान दिले. या वेळी खेळावर भर होता आणि प्रतिसादही बरा होता; पण पाच आठवड्यांतच करोनाने मैदाने बंद केली आणि लीग दिवाळखोरीत गेली. ऑगस्ट २०२० मध्ये अभिनेता ड्वेन जॉन्सन ऊर्फ 'द रॉक', त्याच्या व्यावसायिक भागीदार डॅनी गार्सिया आणि रेडबर्ड कॅपिटल यांनी ती १ कोटी ५० लाख डॉलरना विकत घेतली.

२०२३ : दोन स्पर्धक, दोन हिशेब

एक्सएफएल परतण्यापूर्वीच एप्रिल २०२२ मध्ये फॉक्सने यूएसएफएल हे जुने नाव आणि जुन्या संघांची नावे घेऊन नवी लीग सुरू केली होती. त्यामुळे २०२३ च्या वसंतात दोन लीग, सोळा संघ असे चित्र दिसले. एक्सएफएल १८ फेब्रुवारी ते १३ मे, तर यूएसएफएल १५ एप्रिल ते १ जुलै. मधले चार आठवडे दोन्ही एकाच वेळी चालू होत्या.

या दोहोंचे व्यवसायाचे गणित मुळातच वेगळे होते. यूएसएफएलची मालकी वाहिनीकडे होती. फॉक्सने तीन वर्षांसाठी १५ कोटी डॉलर बाजूला काढले होते. सामना म्हणजे शनिवार-रविवारी दाखविण्यासाठी स्वत: तयार केलेला कार्यक्रम, असा हा विचार. म्हणूनच २०२२ मध्ये आठही संघांचे साखळी सामने अलाबामातील बर्मिंगहॅम या एकाच शहरात झाले. प्रवास आणि मैदान यांचा खर्च वाचला. मात्र बर्मिंगहॅमचा संघ नसला की मैदान ओस पडे. नावात 'न्यू जर्सी' असलेला संघ न्यू जर्सीत एकदाही खेळत नसेल, तर तिथल्या माणसाने त्याला आपला का म्हणावे? २०२३ मध्ये चार केंद्रे झाली, तरी हा प्रश्न पूर्ण सुटला नाही.

एक्सएफएलने संघ त्यांच्या-त्यांच्या शहरात खेळविले. सराव सर्वांचा टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे आणि सामन्यासाठी विमानाने आपल्या गावी, अशी व्यवस्था होती. सेंट लुईसने या प्रयोगाचे सार्थक केले. एनएफएलचा रॅम्स संघ २०१६ मध्ये लॉस एंजेलिसला निघून गेल्याची सल मनात असलेल्या या शहराने बॅटलहॉक्स संघाच्या सामन्यांना सरासरी ३० हजारांहून अधिक गर्दी केली. इतर शहरांत मात्र हा उत्साह दिसला नाही. प्रक्षेपणासाठी डिस्ने आणि ईएसपीएनशी करार असूनही पहिल्या हंगामात सुमारे ६ कोटी डॉलरचा तोटा झाल्याचे वृत्त आले.

थोडक्यात सांगायचे तर यूएसएफएलकडे वाहिनी होती, गाव नव्हते. एक्सएफएलकडे गाव होते, पण खर्च झेपत नव्हता. सप्टेंबर २०२३ मध्ये विलीनीकरणाचा मनोदय जाहीर झाला आणि ३१ डिसेंबरला युनायटेड फुटबॉल लीगची (यूएफएल) घोषणा झाली. सोळापैकी आठच संघ उरले. उरलेल्या आठ संघांतील खेळाडूंपुढे पुन्हा रोजगाराचा प्रश्न उभा राहिला.

खेळ म्हणून कोण सरस?

दर्जाचा विचार करता दोन लीगमध्ये फारसे अंतर नव्हते. दोघींचेही खेळाडू एनएफएलच्या उंबरठ्यावरून परतलेले होते. फरक होता तो नियमांत. एक्सएफएलने टचडाऊननंतरची लाथ रद्द करून एक, दोन किंवा तीन गुणांसाठी अनुक्रमे २, ५ व १० यार्डांवरून प्रयत्न करण्याची पद्धत आणली. यूएसएफएलने लाथ कायम ठेवून तीन गुणांचा पर्याय जोडला.

एक्सएफएलचे सर्वांत मोठे देणे म्हणजे किकऑफ. सुरुवातीची लाथ बसल्यावर दोन्ही संघ लांबून धावत येऊन एकमेकांवर आदळतात आणि गंभीर दुखापती होतात. एक्सएफएलने दोन्ही फळ्या पाच यार्डांच्या अंतरावर समोरासमोर उभ्या केल्या आणि चेंडू झेलला जाईपर्यंत जागचे हलायचे नाही, असा नियम केला. याच कल्पनेवर आधारलेला नियम एनएफएलने २०२४ मध्ये स्वीकारला. गंमत अशी की, त्याच वर्षी विलीन झालेल्या यूएफएलने मात्र यूएसएफएलची पारंपरिक पद्धत पत्करली!

यूएसएफएलचे देणे म्हणजे खेळाडू. २०२२ चा सर्वोत्तम खेळाडू कव्हाँटे टर्पिन त्याच वर्षी डॅलस काऊबॉइजमध्ये गेला आणि 'प्रो बाऊल'साठी निवडला गेला. बर्मिंगहॅम स्टॅलियन्सचा ब्रँडन ऑब्रे हा मूळचा सॉकरपटू. डॅलसकडून २०२३ मध्ये पदार्पण करताना त्याने सलग ३५ फील्ड गोल करून विक्रम नोंदविला.

सुगी कोणाची?

इथे या व्यवसायातील खरी मेख आहे. २०२३ मध्ये एनएफएलमधील नवोदिताचा किमान वार्षिक पगार साडेसात लाख डॉलर होता. वसंतातील लीगमध्ये हा आकडा आठवड्याला सुमारे पाच हजार डॉलर आणि हंगाम दहा आठवड्यांचा. तयार झालेला खेळाडू साहजिकच वर जातो. परंतु टर्पिन किंवा ऑब्रे गेले तेव्हा सॉकरमध्ये मिळते तसे हस्तांतरण शुल्क त्यांच्या लीगला मिळाले नाही. रोपवाटिका एकाची आणि सुगी दुसऱ्याची, असा हा व्यवहार. एनएफएलने स्वत:ही तो करून पाहिला होता. १९९१ मध्ये सुरू केलेली आणि पुढे 'एनएफएल युरोप' म्हणून ओळखली गेलेली तिची वसंतातील लीग तोट्यामुळे २००७ मध्ये बंद करण्यात आली. ज्या धनाढ्य संस्थेला खेळाडू मिळत होते, तिलाही तो खर्च जड वाटला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या वाचकांना या संदर्भात २००७ मधील इंडियन क्रिकेट लीग आठवेल. प्रस्थापित मंडळाने त्या लीगच्या खेळाडूंवर बंदी घातली, २००८ मध्ये स्वत:ची आयपीएल उभी केली आणि प्रतिस्पर्ध्याचा विषय संपविला. एनएफएलला वसंतातील लीगबाबत अशी गरज भासली नाही. कारण तिच्या हंगामाला धक्का लागत नाही आणि खेळाडू आयते मिळतात. वसंतातील लीग जोवर वसंतात आहे, तोवर ती एनएफएलची शत्रू नव्हे. १९८६ मध्ये हेच विसरले गेले होते.

एक लीग उरली, प्रश्न उरलाच

एकत्रित यूएफएलचा पहिला सामना ३० मार्च २०२४ रोजी झाला. पहिल्या हंगामात सामन्यामागे सरासरी सुमारे आठ लाख प्रेक्षकांनी दूरचित्रवाणीवर खेळ पाहिला. बर्मिंगहॅमने २०२४ चे, तर डीसी डिफेंडर्सने २०२५ चे विजेतेपद मिळविले. दोन्ही अंतिम सामने सेंट लुईसमध्येच झाले, ते अर्थातच तिथल्या गर्दीमुळे. २०२५ मध्ये उद्योजक माइक रेपोली भागीदार म्हणून आले. त्याच वर्षी मेम्फिस, मिशिगन आणि सॅन अँटोनियो ही केंद्रे वगळून २०२६ साठी कोलंबस, लुइव्हिल आणि ऑरलँडो ही नवी शहरे जाहीर करण्यात आली. साठ-सत्तर हजार आसनांची रिकामी मैदाने सोडून सॉकरची छोटी मैदाने भरावीत, हे नवे धोरण. चार दशकांनंतर का होईना, डिक्सन यांच्या काटकसरीकडे गाडी पुन्हा वळली आहे.

या निर्णयाची दुसरी बाजूही आहे. यूएफएलच्या अगदी पहिल्या दिवशी डेट्रॉइटच्या फोर्ड फील्डवर मिशिगन पँथर्सच्या जेक बेट्सने ६४ यार्डांवरून फील्ड गोल मारून सामना जिंकून दिला. महाविद्यालयीन सामन्यांत फील्ड गोलचा एकही प्रयत्न न केलेला हा तरुण काही काळ विटा विकण्याची नोकरी करत होता. त्याच वर्षी एनएफएलच्या डेट्रॉइट लायन्सने त्याला घेतले आणि तो त्याच मैदानावर, भरगच्च गर्दीपुढे खेळू लागला. बेट्सला ज्या संघाने संधी दिली तो संघ मात्र ताळेबंदात बसला नाही.

दोन लीगची स्पर्धा संपून एक उरली, याचा अर्थ प्रश्न सुटला असा नाही. विटा विकणारा पुढचा बेट्स आजही कुठेतरी सराव करत असेल. त्याच्यासाठी दहा आठवड्यांचे मैदान उघडे ठेवण्याचा खर्च कोणी करायचा, यावरच वसंतातल्या फुटबॉलचे भवितव्य ठरणार आहे.