पेटीतल्या लुगड्याचे वैरी



आपल्या वरठीच्या स्टेशनावर ‘भंडारा रोड’ अशी पाटी आहे. तिथून मोहाडी, आंधळगाव जवळच. तिथल्या कोष्टी विणकरांनी कोशाची करवती लुगडी विणली. ऐन-अर्जुनाच्या झाडांवरचे कोसे ढिवरांनी सांभाळले. ते उकळून, मांडीवर वळून सूत काढले ते बायांनी. काठाला करवतीचे दात यावेत म्हणून विणकर तीन धोटे चालवी. आज या करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन आहे. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या हातची रीत वहीत सापडायची नाही, ती लुगड्यातच आहे. लुगडे गेले की तीही गेली.

“जुने झाले, म्हणून फाटले,” असे आपण म्हणतो. पण कापड नुसत्या वयाने मरत नाही.

पहिला वैरी ऊन. रेशीम म्हणजे किड्याने काढलेला धागा, जातीने आपल्या केसांसारखा. उन्हाने तो पिवळा पडतो, कडक होतो, तुटतो. धुण्याचा सोडाही त्याला खातो.

दुसरा वैरी ओल. पावसाळ्यात बंद पेटीत बुरशी धरते. खळ लावलेल्या सुती कापडाला जास्त, आणि खळीवर कसरही येते.

तिसरी घडी. वर्षानुवर्षे एकाच रेघेवर मोडलेले सूत तिथेच तुटते.

चौथे लोखंड. पेटीच्या गंजाचा डाग पुढे भोक होतो. आपल्या देशात पूर्वी गुळाच्या पाण्यात गंजके लोखंड मुरवून, हिरड्याच्या जोडीने काळा रंग करीत. ते लोखंड धाग्यात बसून त्याला आतून खात राहते. म्हणून जुन्या छिटाच्या कापडात तांबडी फुले शाबूत दिसतात आणि त्यांच्या काळ्या रेघा झडलेल्या असतात.

खरी जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. धुराने, हवेतल्या गंधकाने चांदी काळी पडते. राखेने घासली तर मुलामाच निघतो. चांदीसाठी जाळलेल्या लुगड्यांची तर गणतीच नाही.

तेव्हा गटातल्या सगळ्यांनी मिळून एवढे करू. धुतलेल्या, बिनखळीच्या सुती कापडात लुगडे गुंडाळू. वर्षातून दोनदा कोरड्या दिवशी, सावलीत वारा देऊ. घडी दरवेळी वेगळ्या जागी मोडू. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नये. विरलेले लुगडे बोहारणीला देण्याआधी काठाचा एक तुकडा ठेवू आणि ते कुणी नेसले, कुठे विणले, हे चिठ्ठीवर लिहू. उद्या एखादी विणकरीण तो काठ पाहून पुन्हा माग लावील.