वाकडं चित्र आणि पृथ्वीचा चुंबक

काचेच्या नळीचा तो जड टीव्ही ज्यांच्या घरी होता, त्यांना एक दुखणं नक्की आठवत असेल. टेबल सपाट, डबा सरळ ठेवलेला, आणि चित्र मात्र एका बाजूला कललेलं. बातम्या सांगणाऱ्या बाईंच्या मागची भिंत तिरपी. खालची अक्षरांची पट्टी डावीकडे वर, उजवीकडे खाली. लोक टीव्हीच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारत. मग डबा वाकडा व्हायचा आणि चित्र सरळ! जालन्यात असे पुठ्ठे घातलेले टीव्ही मी घरोघरी पाहिले आहेत.

हा कल फार मोठा नसे, एक अंशाच्या आतबाहेर. पण एकवीस इंची टीव्हीचं चित्र साधारण 40 सेंटिमीटर रुंद असतं. एक अंश कललं की या टोकापासून त्या टोकापर्यंत सात मिलिमीटरचा फरक पडतो. डोळ्याला तो खुपतो. गझलेत एखादी मात्रा सरकली की ऐकणाऱ्याला कुठे ते सांगता येत नाही, पण खटकतं. तसंच हे.

बरं, दोष टीव्हीचा म्हणावा तर दुकानात तोच टीव्ही सरळ दिसलेला असायचा. घरी आणला की वाकडा. खोलीतल्या खोलीत समोरच्या भिंतीशी नेला, तर कल उलट्या बाजूला. याचं कारण टीव्हीत नव्हतं, आपल्या पायाखाली होतं. पृथ्वी स्वतः एक मोठा चुंबक आहे.

पिक्चर ट्यूबच्या मागच्या अरुंद मानेतून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो आणि पुढच्या काचेवर आदळून प्रकाशाचा ठिपका उमटवतो. मानेवर तांब्याच्या तारांची एक गुंडाळी बसवलेली असते, तिला योक म्हणतात. योक त्या झोताला आडवा-उभा इतक्या वेगाने फिरवतो की ठिपक्याचं चित्र होतं. टीव्हीचं तोंड उत्तरेला किंवा दक्षिणेला असेल, तर पृथ्वीचं चुंबकत्व नळीच्या लांबीच्या दिशेने पडतं आणि बाहेर पसरत जाणारा झोत वाटेत जरासा पिळला जातो. सगळं चित्रच मध्यबिंदूभोवती फिरतं. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला असेल तर हा पीळ जवळपास पडत नाही. आमच्याकडे बऱ्याच घरांत नमाज पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून होते, म्हणून त्या भिंतीशी टीव्ही ठेवत नसत. मग तो उत्तरेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीशी जायचा, आणि नेमका तिथेच वाकडा व्हायचा.

पृथ्वीचं हे चुंबकत्व मोजण्याची आपल्या महाराष्ट्राची परंपरा टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून या नोंदी होत होत्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. ट्रामच्या विजेने नाजूक सुया बिथरणार, हे उघड होतं. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या काळात, 1904 साली, हे काम अलिबागला हलवलं गेलं. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी नोंदी घेऊन मेळ बसवला, आणि 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. शहराची सोय व्हावी म्हणून शास्त्राने समुद्रापलीकडे बिऱ्हाड हलवलं, असं हे उदाहरण आहे. अलिबागला नोंदी आजही होतात.

त्या नोंदींतून एक गोष्ट कळते. आपल्याकडे चुंबकत्वाचा जमिनीला समांतर भाग चांगलाच जोरकस आहे, इंग्लंडच्या सुमारे दुप्पट. कारण चुंबकीय विषुववृत्त आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून, तिरुनेलवेलीच्या बाजूने जातं. चित्र पिळतो तो हाच समांतर भाग. म्हणजे लंडनमधल्या घरापेक्षा जालन्यातल्या घरात चित्र कलण्याचा धोका जास्त! टीव्ही तयार करणारे कारखानेसुद्धा जगाचे विभाग पाडून, कुठला माल कुठे जाणार ते पाहून नळ्या जुळवत असत.

आपल्या भागात टीव्ही उशिरा आला. दिल्लीत 1959, मुंबईत 2 ऑक्टोबर 1972. मुंबईचं प्रक्षेपण साडेतीनशे किलोमीटरवरच्या जालन्याला मिळणं शक्यच नव्हतं. जालना जिल्हा 1 मे 1981 रोजी झाला. 1982 मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, आणि 1984 मध्ये लहान शक्तीची प्रक्षेपण केंद्रं देशभर इतक्या झपाट्याने उभी राहिली की काही महिने जवळपास रोज एक असा वेग होता. मग घरांच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमचे अँटेना दिसू लागले. जानेवारी 1987 मध्ये ‘रामायण’ मालिका सुरू झाली आणि रविवारी सकाळी टीव्ही बंद असणं ही घराची नामुष्की ठरू लागली. शनिवारी संध्याकाळी मेकॅनिकच्या दुकानात उभं राहायला जागा नसे.

हे मेकॅनिक बहुतेक रेडिओ दुरुस्तीतून आलेले. काळ्या-पांढऱ्या टीव्हीचं चित्र सरळ करणं त्यांना सोपं होतं. मागचं झाकण काढायचं, योकच्या पट्ट्याचा स्क्रू सैल करायचा, योक मानेवर किंचित फिरवायचा, पुन्हा कसायचा. अडचण एवढीच की हे सगळं टीव्ही चालू असताना, मागे उभं राहून करायचं. मागून चित्र दिसत नाही. शिवाय मागून जे उजवीकडे, ते समोरून डावीकडे. म्हणून कुणी समोर आरसा धरायचं, नाहीतर घरातलं पोर समोर बसवायचं. “सीधा हुआ क्या?” “अजून थोडं... नाही नाही, उलटं झालं!” असा संवाद चालायचा. आणि हात ज्या जागी असे, तिथून वीतभर अंतरावर रंगीत टीव्हीत पंचवीस हजार व्होल्टची जोडणी. टीव्ही बंद केल्यावरही नळीत विजेचा साठा राहतो. म्हणून जाणता मेकॅनिक लाकडी फळीवर उभा राहायचा आणि एक हात पाठीशी ठेवून दुसऱ्याने काम करायचा. हे शिक्षण त्यांना कुठल्या वर्गात मिळालं नव्हतं. एखादा झटका बसून मिळालं होतं.

रंगीत टीव्हीने काम अवघड केलं. तिथे एकाऐवजी तीन झोत: लाल, हिरवा, निळा. योक आणि काच यांच्यामध्ये रबराच्या लहान पाचरी घालून कारखान्यात सगळं जुळवलेलं असे, मानेवरच्या चुंबकाच्या कड्यांवर रंगाचा ठिपका लावून त्या पक्क्या केलेल्या असत. योक जरासा फिरवला तर चालायचं. पण पाचर निघाली किंवा योक मागेपुढे सरकला की माणसाच्या चेहऱ्याला एका बाजूने लाल आणि दुसऱ्या बाजूने निळी किनार. अर्धकच्च्या हाताने बिघडवलेले असे टीव्ही मग जुन्या माणसाकडे यायचे, आणि तो आधी दहा मिनिटं नुसता पाहत बसायचा.

लोखंडी कपाटाशेजारी ठेवलेल्या टीव्हीवर हिरवे-जांभळे डागही पडत. सळ्यांच्या कारखान्यांच्या आमच्या गावात लोखंडाला काय तोटा! पण तो आजार वेगळा. त्यासाठी टीव्हीतच चुंबकत्व पुसणारी तार असते. चालू करताना जो ‘धुंम’ आवाज यायचा, तो तिचा. ती डाग घालवते, कल घालवत नाही.

मोठे आणि सपाट काचेचे टीव्ही आले तेव्हा कलही मोठा दिसू लागला. मग कारखान्यांनी नळीभोवती आणखी एक गुंडाळी दिली. तिच्यात थोडासा स्थिर प्रवाह सोडला की पृथ्वीच्या उलट चुंबकत्व तयार होतं आणि चित्र जागेवर येतं. रिमोटवर त्यासाठी ‘टिल्ट’ किंवा ‘रोटेशन’ अशी सोय आली. काही सेटांत ती मेकॅनिकच्याच मेनूत दडवलेली असे. झाकण न काढता, आरसा न धरता चित्र सरळ. काम सुरक्षित झालं आणि मेकॅनिकची एक फेरी बुडाली.

पैठण रस्त्यावरच्या चितेगावला, म्हणजे आमच्यापासून फार दूर नाही, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना होता. मराठवाड्यात टीव्ही तयार होतो, याचा आम्हाला कोण अभिमान! या कंपनीने 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा व्यवसाय घेतला. त्यात इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने होते. नेमक्या त्याच वर्षांत जग सपाट पडद्यांकडे वळलं. 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

नव्या पडद्यात झोत नाही. प्रत्येक ठिपका आपल्या जागी बसलेला. तो उत्तरेकडे करा, दक्षिणेकडे करा, त्याला दिशा कळत नाही. जुन्या नळीचा टीव्ही भंगारात आला की सगळ्यात आधी योक निघतो, कारण त्यात तांबं असतं. जाड काच मागे उरते. तिच्यात शिसं असतं, आणि तिला गिऱ्हाईक नाही.