घर एका राज्यात, चाकरी दुसऱ्या राज्यात

पुण्याचा नोकरदार बंगळुरास राहावयास गेला, तरी प्राप्तिकर तो पूर्वीच्याच सरकारला भरतो. शेतीचे उत्पन्न सोडले, तर हा कर बसविण्याचा अधिकार आपल्याकडे केंद्राचा आहे. अमेरिकेची रीत निराळी. तेथे केंद्राबरोबर बहुतेक राज्येही आपापला प्राप्तिकर घेतात. टेक्सास, फ्लॉरिडा यांसारखी थोडी राज्ये पगारावर कर घेत नाहीत. आपल्यापैकी पुष्कळांची मुलेबाळे आज तिकडे घरी बसून दूरच्या कचेरीचे काम करतात. तेव्हा बिऱ्हाड हलविल्यावर कर कोणाचा, या प्रश्नाचा इतिहास पाहणे अप्रस्तुत होणार नाही, असे आम्हांस वाटते.

विस्कॉन्सिन राज्याने १९११ साली प्राप्तिकर यशस्वीपणे बसविला. केंद्राला तशी घटनादुरुस्ती १९१३ मध्ये मिळाली. न्यूयॉर्कने १९१९ मध्ये हा कर सुरू करताच शेजारच्या राज्यांतून रोज कामाला येणाऱ्यांचा प्रश्न उभा राहिला. १ मार्च १९२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन निकाल दिले. शिकागोच्या शॅफर यांच्या ओक्लाहोमातील तेलाच्या उत्पन्नावर ओक्लाहोमाने कर घेणे रास्त ठरले. मात्र न्यूयॉर्क आपल्या रहिवाशांना ज्या सवलती देते, त्या परराज्यातील नोकरांना नाकारू शकत नाही, असेही ठरले.

यातून दुहेरी व्यवस्था रुजली. रहिवाशाच्या सर्व उत्पन्नावर त्याच्या राज्याचा हक्क. परक्याच्या फक्त तेथे मिळविलेल्या उत्पन्नावर त्या राज्याचा. दोनदा कर पडू नये म्हणून राहते राज्य परराज्यात भरलेल्या कराची सामान्यतः वजावट देते. वर्षाच्या मध्यावर घर बदलणाऱ्याला दोन्ही राज्ये कर घेणारी असल्यास दोन्हीकडे अंशकालीन रहिवासी म्हणून विवरणपत्र भरावे लागते. पण नुसते सामान हलविल्याने जुने वास्तव्य संपत नाही. नवे घर कायमचे आहे, हे कुटुंब, मतदारयादी, वाहनाचा परवाना यांवरून दिसावे लागते.

खरी अडचण पुढेच आहे. परराज्यातील नोकर स्वतःच्या सोयीसाठी घरी बसून काम करीत असेल, तर तो दिवस न्यूयॉर्कमध्येच भरला असे न्यूयॉर्क मानते. कनेक्टिकटमध्ये राहून न्यूयॉर्कमध्ये कायदा शिकविणारे प्राध्यापक झेलिन्स्की याविरुद्ध लढले. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या श्रेष्ठ न्यायालयात ते हरले. घरी काम केलेल्या दिवसांवर कनेक्टिकटनेही कर घेतला, आणि त्याच दिवसांचा भार त्यांच्यावर दोनदा पडला.

२०२० च्या महामारीत कचेऱ्या बंद झाल्या, तेव्हा मॅसेच्युसेट्सने घरी बसलेल्या परराज्यातील नोकरांकडून पूर्ववत कर घेतला. पगारावर कर न घेणाऱ्या न्यू हॅम्पशायरने थेट सर्वोच्च न्यायालयाकडे धाव घेतली. जून २०२१ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण ऐकण्यासच नकार दिला, आणि मुख्य प्रश्न अनिर्णीत राहिला.

कर देणारा ज्या राज्यात मत देऊ शकत नाही, रस्ता वा शाळा वापरत नाही, त्याने केवळ मालकाची कचेरी तेथे आहे म्हणून कर का द्यावा? आमच्या मते १९२० च्या निकालाचा आधार, काम प्रत्यक्ष जेथे झाले ती जागा, हाच न्याय्य आहे. तोवर शहाण्याने बिऱ्हाड हलविल्याची तारीख आणि कोणत्या दिवशी कोठे काम केले याची रोजनिशी ठेवावी, आणि मालकास नवा पत्ता वेळीच कळवावा. राज्यांच्या ओढाताणीत सामान्य माणसाच्या हाती एवढाच पुरावा असतो.