डेट्रॉइट, १९२५: बाहेर गर्दी, आत बंदुका

तर मंडळी, शेजाऱ्यावर गोळी झाडणं कधी योग्य ठरतं? अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या कोर्टात हा प्रश्न फार गाजला.

डॉ. ऑशियन स्वीट हे कृष्णवर्णीय डॉक्टर. त्यांनी गोऱ्यांच्या वस्तीत १८,५०० डॉलरला घर घेतलं. त्याच उन्हाळ्यात अशाच एका डॉक्टरला जमावाने घराबाहेर हुसकलं होतं. म्हणून ८ सप्टेंबर १९२५ ला स्वीट राहायला आले ते बंदुका घेऊनच. दुसऱ्या रात्री बाहेर माणसं जमली, दगड आले, काचा फुटल्या. पोलीस होते, नुसते उभे! घरातून गोळ्या सुटल्या आणि शेजारी लिऑन ब्रायनर मेला. गोळी पाठीत लागली होती. घरातल्या अकराही जणांवर खुनाचा खटला.

आता बघा, सरकारी साक्षीदार म्हणाले, गर्दी अशी नव्हतीच. बचावाचे वकील क्लॅरेन्स डॅरो म्हणाले, आतल्या माणसाला काय वाटलं ते बघा. लिंचिंग आणि वंशद्वेषी दंगली स्वीटच्या डोक्यात होत्या. न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनी ती साक्ष ज्यूरीला ऐकू दिली. मला तर निकालापेक्षा हेच मोठं वाटतं. अर्थात नुसती भीती पुरत नाही. त्या जागी कुणाही समजूतदार माणसाला ती वाटली असती का, हे ज्यूरीने ठरवायचं.

पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. मग गोळी झाडल्याची कबुली दिलेला भाऊ हेन्री एकटा उभा राहिला. मे १९२६ मध्ये सगळ्या गोऱ्या ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं. बाकीच्यांवरचे आरोपही पुढे मागे घेतले. पण ऑशियनची छोटी मुलगी आणि पत्नी ग्लॅडिस, दोघी थोड्याच वर्षांत क्षयाने गेल्या.