गोठ्यातील औषधी आणि तिची कसोटी

1853 च्या तहान्वये निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनी सरकारच्या हवाली केला, पुढे 1861 ते 1865 या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात लँकेशायरच्या गिरण्यांची नजर येथील कापसाकडे वळली, आणि अमरावती, अकोला व खामगाव या पेठांची नावे परदेशच्या सौद्यांत घेतली जाऊ लागली, हा इतिहास वऱ्हाडातील शाळकरी मुलासही ठाऊक असतो. परंतु ज्या बैलांनी काळ्या, भारी जमिनीत वखर ओढला आणि कापसाच्या गाड्या पेठेपर्यंत पोहोचविल्या, त्यांच्या देहात कोणते परोपजीवी वसत होते आणि कास्तकार त्यांवर कोणता उपाय करीत असे, याकडे इतिहासकार क्वचितच वळतो. माझ्या मते हे प्रकरण कापसाच्या भावांइतकेच मोलाचे आहे.

सरकारचे लक्ष प्रथम साथींकडे गेले, हे स्वाभाविकच होते. बुळकांड्या आला की थोड्या दिवसांत गोठेच्या गोठे ओस पडत. म्हणून 1871 मध्ये गुरांच्या साथींविषयीच्या कमिशनाचा अहवाल झाला, 1886 मध्ये मुंबईस पशुवैद्यक महाविद्यालय निघाले, 1889 मध्ये पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन होऊन 1893 मध्ये ती हिमालयातील मुक्तेश्वरास नेण्यात आली, आणि अनेक पिढ्यांच्या खटाटोपानंतर 2011 मध्ये तो रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. जंत, यकृतकृमी आणि गोचीड यांची रीत निराळी. शेळीच्या चौथ्या पोटात राहून रक्त पिणाऱ्या जंताची एकेक मादी दिवसाकाठी पाच ते दहा हजार अंडी घालते, त्यांतून निघालेल्या अळ्या गवतावाटे पुन्हा कळपात शिरतात, आणि जनावर एका रात्रीत न मरता अंगाने वाळत, दूध आटवीत, जबड्याखाली सूज घेऊन झिजत राहते. अशा झिजण्याचा पंचनामा कोण करणार? त्याचा बंदोबस्त गावच्या गायक्याकडे, घरातील वृद्धांकडे आणि मेळघाटातील गवळी व कोरकू जाणकारांकडेच राहिला.

त्यांचा औषधसंभार बहुतांशी रानातला होता. पोळ्याच्या पूर्वसंध्येस खांदशेकणीत ज्या पळसाच्या पानांनी बैलाच्या खांद्यास लोणी-हळद लावतात, त्याच पळसाच्या बियांची, म्हणजे पळसपापडीची, पूड ताकातून किंवा गुळातून जंत झालेल्या वासरास देत. वावडिंग काष्ठौषधींच्या दुकानातून येई. आयुर्वेदाच्या ग्रंथांनी कृमिघ्न द्रव्यांत त्याला अग्रस्थान दिलेले आहे. खरजेवर करंजाचे तेल, उवांवर सीताफळाच्या बियांची पूड, गोचिडांवर कडुनिंब किंवा तंबाखूचे पाणी, असे हे उपाय असत. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर डोळ्यांना गंभीर इजा होते, हे जाणूनच ती जपून लावावी लागे.

मात्र या विद्येत मापाची मोठी उणीव होती. मूठभर, चिमूटभर, एक ओंजळ ही तिची परिमाणे. आणि मूठ ज्याची त्याची. पळसाच्या बियांतील ‘पॅलासोनिन’ हे कृमिनाशक द्रव्य रसायनदृष्ट्या ‘कँथरिडिन’चे निकटचे आप्त आहे, आणि हे कँथरिडिन त्वचेवर फोड आणणाऱ्या कीटकांत आढळणारे जहाल विष होय. जंत मारणारी मात्रा आणि वासरास अपाय करणारी मात्रा यांतील अंतर जेथे अज्ञात आहे, तेथे केवळ परंपरेच्या हवाल्यावर विसंबणे मला अनुचित वाटते. आणि अज्ञात आहे म्हणून सारा ठेवाच टाकून देणे त्याहून अनुचित.

कसोटीची साधने हळूहळू तयार झाली. कलकत्त्याच्या रामनाथ चोप्रा यांनी देशी औषधींची शास्त्रीय छाननी मांडणारा आपला ग्रंथ 1933 मध्ये प्रसिद्ध केला. ऑस्ट्रेलियातील मॅकमास्टर प्रयोगशाळेत एक ग्रॅम शेणातील अंडी मोजण्याची पद्धत 1939 मध्ये सिद्ध झाली. कत्तलखान्यातून आणलेले जिवंत जंत शरीराच्या उष्णतेच्या मिठाच्या पाण्यात ठेवतात, त्यांत अर्काचे निरनिराळे सौम्य-तीव्र द्रावण घालतात, आणि निश्चल झालेला जंत पुन्हा कोमट, स्वच्छ द्रावणात टाकून तो हलतो की नाही हे पाहतात; कारण गुंगी येणे आणि मरणे यांत भेद आहे. शेजारी निव्वळ द्रावणातील जंत आणि नामांकित औषधातील जंत तुलनेसाठी असतात. गोचिडाची फुगलेली मादी अर्कात बुडवून ती पुढे किती अंडी घालते व त्यांतून किती अळ्या निघतात, हेही मोजतात.

येथपर्यंतचे यश काचेतले. गाईच्या मोठ्या पोटात कितीतरी लिटर द्रव असतो आणि त्यातील असंख्य सूक्ष्मजीव वनस्पतीतील द्रव्यांचे विघटन करतात. म्हणून काचेत विजयी झालेला अर्क पोटात पराभूत होणे नित्याचे आहे. औषध पाजून दहा ते चौदा दिवसांनी शेणातील अंडी पुन्हा मोजल्यावाचून निकाल देऊ नये. अर्काचे गुण सांगणारा पण ही अखेरची मोजणी टाळणारा प्रबंध मी अर्धवट समजतो.

कारखान्यातील औषधांनी हा प्रश्न कायमचा मिटविला, असे एकदा वाटले होते. 1961 मध्ये ‘थायाबेंडाझोल’ आले, आणि काही वर्षांतच त्याला न जुमानणारे जंत आढळले. 1981 मध्ये ‘आयव्हरमेक्टिन’ आले, त्याचीही तीच गत अनेक देशांत झाली. संकरित गाई वाढल्या तशी गोचीडतापाची झळही अधिक बसू लागली. त्याच आयव्हरमेक्टिनच्या जनकांबरोबर 2015 चे नोबेल पारितोषिक चीनच्या तू यूयू यांना मिळाले. त्यांनी एका प्राचीन ग्रंथातील पाठ काळजीपूर्वक वाचून हिवतापावरील औषध वनस्पतीतून मिळविले होते.

अकोल्यास पशुवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षण देणारी संस्था आहे, मेळघाट तिच्यापासून दूर नाही, आणि पळस तर बांधाबांधावर आहे. ज्या वाचकाच्या घरी जनावराचा एखादा उपाय अजून स्मरणात असेल, त्याने वनस्पतीचे नाव, तिचा भाग, तोडण्याचा ऋतू, तोळ्यामाशांतील वजन आणि गुण आला की नाही, हे सारे लिहून त्या संस्थेकडे पोहोचवावे. आणि गुण न आल्याची नोंदही तितक्याच निष्ठेने करावी.